मावशीचं ताट शेवटचं

अख्ख्या लालबाग-परळात आमच्या मावशीइतकी हट्टी बाई झाली नाही आणि होणारही नाही. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी एकदा तिच्या पंगतीला बसून ‘मावशी, आता भात पुरे’ असं म्हणून बघायला हवं होतं. पुरे म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर खोटारडा, अशी तिची पक्की समजूत होती आणि दोन्हींवर तिच्याकडे औषध एकच होतं, आणखी एक डाव भात. ताटावर आडवा हात धरला तर भात हातावर पडायचा, आणि तो चुलीवरून नुकताच उतरलेला असायचा. माझ्या उजव्या मनगटावर तसा एक डाग आहे. लोकांना मी तो गिरणीत भाजल्याचा म्हणून सांगतो.

मावशी माझी सख्खी, चुलत, लांबची, जवळची, कोणीच नव्हती. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत तिची खानावळ होती आणि वेगवेगळ्या गिरण्यांत राबणारे आम्ही चाळीसेक पुरुष तिथे रोज जेवायचो. आम्हाला ‘मेंबर’ म्हणायचे. बायकामुलं गावाला, किंवा माझ्यासारख्याला अजून बायकोच नाही, अशी ही फौज. मावशी मूळची मालवणकडची, नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. मी घाटावरचा. त्यामुळे तिच्या लेखी मला माशातलं काही कळत नव्हतं आणि मी जन्मभर ‘मेल्या घाट्या’ राहिलो. ती मला हाक मारायची त्यात शिवी नसली तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. चाळीसजणांच्या आमटीला ती मीठ घालायची ते मुठीने, न बघता, कुणाशी तरी भांडता भांडता, आणि ते कधीही कमीजास्त झालं नाही. कोण काय ताटात टाकतो हे तिला पाठ होतं. उष्टी ताटं गोळा करताना नुसत्या नजरेने सांगायची, हा कढीपत्ता ह्याचा, ही मिरची त्याची, आणि माशाचे काटे असे एकावर एक रचून ठेवले आहेत म्हणजे दगडू जेवून गेला. दगडू हा आमच्यातला सगळ्यात जुना मेंबर. वयाने मोठा, बोलण्यात पटाईत आणि जेवायला कायम शेवटचा.

या सगळ्यावर तिचा एक नियम होता. शेवटचा मेंबर जेवून उठल्याशिवाय ती तोंडात घास घालायची नाही. “माजा ताट शेवटचा,” एवढंच म्हणायची. खानावळवाली आधी जेवली की मेंबरांना उरलंसुरलं मिळतं, असं गिरणगावात बोललं जायचं आणि तशा दोन-चार खानावळी आम्ही भोगूनही आलो होतो. मावशीला ते बोलणं आपल्याबद्दल ऐकायचं नव्हतं. दगडू कुठल्या तरी नाक्यावर गप्पा मारत उभा राहिला तर ती चार-चार वाजेपर्यंत उपाशी बसायची, पण कुणाला जेव म्हणू द्यायची नाही. तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेलं. आम्हाला या गोष्टीचं फार कौतुक होतं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

मग संप झाला. भोंगे बंद पडले. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसं आम्ही, पहिले काही दिवस आम्हाला किती वाजले तेच कळेना. संप महिन्याभरात मिटेल म्हणता म्हणता पावसाळा आला आणि बरेच मेंबर गावाला निघून गेले. चाळीसाचे अकरा उरलो. मावशीने चूल काही बंद केली नाही. या काळातल्या हिशेबाचा विषय तिने कधी काढला नाही, म्हणून मीही काढत नाही.

त्या दिवसांत मावशी सुकायला लागली. आता खरं सांगायचं तर संपात कोण सुकलं नव्हतं? गालफडं बसलेली माणसंच चहूकडे. त्यामुळे तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या तरी आम्हाला वाटलं, काळजी, दुसरं काय. कोणी विचारलं तर म्हणायची, “तुम्ही सगळे वाळलात, मी एकटीच फुगान बसू?” पण ती पाणी फार प्यायला लागली. तांब्या तोंडाला लावायची तो रिकामा करूनच खाली ठेवायची. सकाळी भरलेला माठ दुपारी खडखडीत. गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितलं, साखर आहे, या वयात होतेच, आणि गोळ्या दिल्या. मावशीने गोळ्या खाल्ल्या, साखर सोडली, बटाटा सोडला, भात कमी केला, आणि आणखी सुकली. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळत नसणार. या एका वाक्यावरून मावशीने त्यांना जिन्यापर्यंत जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही.

आणि एका सकाळी ती उठलीच नाही. डोळे अर्धवट उघडे, श्वास खोल खोल, धाप लागल्यासारखा, आणि तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. आम्ही तिला लाकडी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं, टॅक्सीत घातलं आणि परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. एवढी अन्न वाढणारी बाई, आणि तिला वजनच नव्हतं. त्या जिन्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तीन दिवसांनी ती शुद्धीवर आली. वॉर्डात एक चष्मेवाली तरुण डॉक्टरीण होती. तिने आम्हा अकराजणांकडे बघून विचारलं, यांचे नातेवाईक कोण? आम्ही सगळेच पुढे झालो. तिने कपाळाला हात लावला आणि मग फार समजुतीने सांगितलं, की हा मधुमेह नेहमीचा म्हातारपणाचा नाही. हा लहान मुलांना होतो तो. यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, गोळ्यांचा उपयोग नाही. कधीकधी तो उतारवयातही गाठतो. रोज दोन इंजेक्शनं, सकाळच्या जेवणाआधी एक, रात्रीच्या जेवणाआधी एक, जन्मभर. एक चुकलं तर पुन्हा अशाच खुर्चीतून आणावं लागेल. आम्ही माना खाली घातल्या. मावशी मात्र उशीवरून डोकं उचलून म्हणाली, “म्हणजे माका बारक्या पोरांचो रोग? ह्या वयात? लोक हसतले गो बाय!” मरणाच्या दारातून परत आलेली बाई, आणि तिला काळजी कशाची, तर चाळीत शोभा होईल याची!

घरी आल्यावर एक नवाच संसार सुरू झाला. काचेची सिरिंज, ती उकळायला वेगळं भांडं, आणि इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं मडकं. अख्ख्या मुशी माशाचे एका झटक्यात दोन तुकडे करणारी मावशी सुई बघितली की डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड करायची. टोचायचं कोणी, यावर मेंबरांची सभा भरली आणि ठराव होऊन ते काम माझ्यावर आलं. मी गिरणीत तुटलेले धागे सांधायचो, म्हणजे माझा हात हलका असणार, असा दगडूचा युक्तिवाद. मी दोन दिवस वांग्यावर सराव केला; तोवर इस्पितळात नेऊन टोचून आणलं. तिसऱ्या दिवशी मावशीला टोचलं तेव्हा ती बोंबलली आणि मग भिंतीला उद्देशून म्हणाली, “वांगा बरा होता, मेल्या, बोंबलला नाय.” पुढे ती स्वतःच शिकली. मुठीने मीठ घालणारी बाई सिरिंजवरची बारीक रेघ उजेडाकडे धरून, श्वास रोखून बघायची, आणि अर्धी रेघ इकडची तिकडे झाली तर सगळं ओतून पुन्हा भरायची.

लघवीतली साखर तपासायची ती निळ्या औषधात थेंब टाकून, नळी उकळून. निळा रंग राहिला तर उत्तम, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वाईट आणि विटेसारखा लाल म्हणजे धोका. हा उद्योग मावशी अन्नाच्या चुलीवर करू देणं शक्यच नव्हतं. तिने त्यासाठी गॅलरीच्या टोकाला वेगळा स्टोव्ह मांडला, त्यामुळे तिची साखर सगळ्या मजल्याला दिसायची. नळावर आलेल्या बायका विचारायच्या, “मावशी, आज काय?” कधी “हिरवो!” असं अभिमानाने उत्तर यायचं, कधी दगडूच पुढे होऊन गंभीर चेहऱ्याने “आज लाल बावटा” असं जाहीर करायचा.

हसत होतो आम्ही. पण खरा घोळ पुढेच होता आणि तो आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आला नाही. डॉक्टरिणीने बजावलं होतं, सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायचं. मावशीने ते नीट ऐकलं होतं. सुईची वेळ तिने एक मिनिट चुकवली नाही. साडेदहा म्हणजे साडेदहा. पण जेवायचं म्हणजे तिच्या हिशेबी आधी आम्ही जेवायचं, मग तिने. पन्नाशी उलटलेल्या बाईने अंगी लावून घेतलेली पद्धत डॉक्टरिणीच्या एका वाक्याने कशी सुटणार? रात्री सगळे वेळेवर जेवायचे, पण सकाळी सुई साडेदहाला, आणि दगडू उगवणार साडेबाराला. मधले दोन तास औषध तिच्या अंगातली होती नव्हती ती साखर खात बसायचं. तिला दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे. आम्ही म्हणायचो, चुलीपाशी उकडतं.

त्यातच एक दिवस तिने मला “अहो” म्हटलं. “अहो, आपण बसा ना. पाणी देऊ का आपल्याला?” शुद्ध पुणेरी. मी मागे वळून पाहिलं, मला वाटलं पाठीमागे कोणी पाहुणा आला. डोळे माझ्यावर होते, पण ओळख नव्हती त्यात. नशीब, तेवढ्यात शेवटची पंगत उठली आणि ती नेहमीप्रमाणे जेवायला बसली. दहा मिनिटांनी मला शिवी हासडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरिणीला जाऊन सांगितलं तर ती ताडकन उभीच राहिली. साखर उतरली की मेंदूला काही सुचत नाही, म्हणाली. लगेच साखरेचं पाणी पाजा, नाहीतर झटके येतील, बेशुद्ध होतील, जीव जाईल. त्या दिवसापासून आम्ही मावशीच्या शिव्या कान देऊन ऐकायला लागलो. शिव्या चालू आहेत म्हणजे बाई ठीक आहे. पण आधी जेव, हे तिला कोण सांगणार? सांगितलं. हात जोडून सांगितलं. “बगूया,” म्हणाली. मावशीचं ‘बगूया’ म्हणजे विषय संपला.

मग मोर्चाचा तो दिवस आला. सकाळी आम्ही अकराही गेलो. मावशीला सांगून गेलो, अकराच्या आत येतो. कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ पोलिसांनी अडवलं, धक्काबुक्की झाली, दगडूसकट दहाजणांना गाडीत घालून नेलं. मी एका गल्लीत घुसलो म्हणून सुटलो आणि दोन तास तिथेच अडकून पडलो, कारण दोन्ही तोंडांना बंदोबस्त होता. मी समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे बघत होतो. साडेदहाला सुई. साडेअकरा झाले. बारा झाले. मला पोलिसांची धास्ती नव्हती, त्या घड्याळाची होती.

साडेबाराला मी जिना चढलो तर शेजारच्या सुमनताई गॅलरीतच उभ्या, रडकुंडीला आलेल्या. “अरे, मघापासून साखरेचं पाणी देतेय, तोंडच उघडत नाहीत. डॉक्टरांकडे माणूस पाठवलाय, तर ते बाहेर गेलेत.” आत अकरा पाट मांडलेले, अकरा ताटं, तांबे भरलेले. मावशी भिंतीला टेकून बसली होती, पदर घामाने चिंब, ओठ पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाली, “या ना. आपण कुठले?”

मी पेला तिच्या तोंडाला लावला. तिने दात आवळले. मी जबरदस्ती करायला गेलो तर पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि ती माझ्या हाताला चावली. तिला मी कळत नव्हतो, दिवस कळत नव्हता, पण नियम कळत होता! “मंडळी यायची आहेत,” असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मंडळी जेवायची आहेत.” मला रडू फुटलं. संतापही आला. मी ओरडलो, “मावशी, सगळे जेवून गेले!” तिने मान वळवून ताटांकडे पाहिलं. ताटं स्वच्छ होती. तिने मान हलवली.

तेव्हा मला काय सुचलं ते सुचलं. मी भाताच्या पातेल्यात हात घातला आणि पहिल्या ताटात भात फासला, वर आमटीचे चार थेंब, माशाचा काटा. दुसऱ्या ताटात तेच. सुमनताईंना आधी वाटलं मलाही काही झालं, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दुसऱ्या टोकापासून सुरू झाल्या. तांबे कलंडले, पाट वाकडे केले, अकरा ताटं मिनिटा-दोन मिनिटांत उष्टी केली. अन्नाची अशी नासाडी मी आयुष्यात केली नाही, तीही संपात. मग मी शेवटच्या पाटावर बसलो, मोठ्ठा ढेकर दिला आणि म्हणालो, “मावशी, मी शेवटचा. उठलो बघा.” आणि उठलो. ती ओळीने ताटांवरून नजर फिरवत होती. मला वाटलं, आता पडणार ही. तिचं डोकं एकदा कलंडलंसुद्धा. आणि मग तिने तोंड उघडलं. सुमनताईंनी पेला लावला, ती घोट घोट प्यायली, आणखी अर्धा पेला प्यायली.

पंधरा मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने पदराने तोंड पुसलं, ताटांकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “ह्या दगडूचा ताट न्हय. काटे रचलेले खंय आसत? कोणी उष्टावल्यान ह्या?” मी भाताने माखलेले हात मागे लपवले. “मेल्या घाट्या! इतक्या अन्नाची माती केलंस?” मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून शिव्या देत राहिली.

दहाजण संध्याकाळी सुटून आले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीविरुद्ध संप केला. साडेदहाला तिने सुई घेतल्यावर आम्ही पाटावर बसलो आणि ताटं पालथी घातली. ती जेवेपर्यंत कोणी जेवणार नाही. दगडूने छोटं भाषणही केलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “एक संप मिटणा नाय, दुसरो कित्याक?” एवढं बोलून ती भिंतीला टेकून बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी तिच्या कपाळाकडे बघत होतो. वीस मिनिटांनी तिथे घामाचा पहिला थेंब दिसला आणि मी माझं ताट पालथं होतं ते सुलटं केलं. माझ्या मागोमाग सगळ्यांनी. गिरणीमालकांपुढे महिनोन्‌महिने न वाकलेली माणसं मावशीपुढे अर्धा तासही टिकली नाहीत. पहिला फुटीर मी, हे दगडूने मला गावाला जाईपर्यंत ऐकवलं.

ती बदलणार नव्हती, तेव्हा आम्ही बदललो. तिने सुई घेतली की अर्ध्या तासात आमचं जेवण उरकलंच पाहिजे, हा नवा कायदा. संपात कोणी गोदीत हमाली करत होता, कोणी फळं विकत होता, कोणी रंगकाम. जिथे असू तिथून सव्वादहाला आम्ही धावत सुटायचो. रस्त्यावरच्यांना वाटायचं पोलीस मागे लागलेत. घरी मांड्याही न घालता बकाबका जेवायचो, मावशी ओरडायची, “सावकाश जेवा रे, कोण मरता काय?” यावर आम्ही पुढचा घास कोंबायचो. जन्मभर उशिरा आलेला दगडू त्या काळात सगळ्यांत आधी पोचायचा आणि जिन्यावर उभा राहून बाकीच्यांना शिव्या घालायचा.

संप कधी मिटला ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही. गिरण्या काही सुरू झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत, झाल्या त्याही पुढे बंद पडल्या. मेंबर एकेक करून गावाला गेले. दगडू गेला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, “वेळेवर जेव हां.” अकराचे सहा झाले, तीन झाले, आणि शेवटी मी एकटा. माझं लग्न झालं होतं, घरी डबा मिळत होता. बायकोने पहिल्या महिन्यातच ओळखलं, की दुपारचा डबा दिला तर तो तसाच परत येतो. मी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, “मग डबा कशाला देऊ? जा, जेवा तिकडे.” मी न जेवलो तर मावशी जेवणार नाही आणि मावशी न जेवली तर काय होईल, हे मला तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

पुढे लोअर परळला, जिथे मी धागे सांधले त्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली आणि तिथे मला लिफ्टवर नोकरी मिळाली. माझ्या सुट्टीच्या वेळेप्रमाणे डॉक्टरिणीला विचारून मावशीने सुईची वेळ साडेबारा केली. ती डॉक्टरीणसुद्धा तोवर मोठी डॉक्टरीण झाली होती. मावशीला आता सिरिंजवरची रेघ दिसत नव्हती. सकाळी कामावर जाताना मी तिच्याकडे जाऊन दिवसाच्या सिरिंज भरून मडक्यात ठेवायचो, एक वाजेपर्यंत सायकल मारत पुन्हा यायचो, जेवायचो, ती जेवायची, मी परत धावायचो. रात्री खानावळ नसायची, तेव्हा ती सुईनंतर लगेच जेवायची. दुपारी माझ्या एकट्यासाठी ती आमटी करायची ती दहाजणांची. बावीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही, की सुईच्या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही.

एका दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत चारजण, त्यातला एक मोठा साहेब; मी नेमका बाहेर. मेकॅनिक येईना. वरिष्ठ मला जागचं हलू देईना. साडेबारा वाजले, एक वाजला. सुमनताईंच्या घरी फोन लावला, घंटा वाजत राहिली. दीड झाला. मी वरिष्ठाला म्हटलं, साहेब, माझं माणूस मरेल. तो म्हणाला, गेलास तर उद्या येऊ नकोस. मी गेलो. सायकल कशी मारली, पूल कसा चढलो, आठवत नाही. एवढंच आठवतं की माझ्या डोळ्यांपुढे ते पांढरे ओठ होते आणि कानात ‘आपण कुठले?’ हे दोन शब्द. चाळीच्या जिन्यावर माझा पाय दोनदा घसरला. वय झालं होतं माझंही.

दार उघडं होतं. मावशी खिडकीपाशी बसली होती, पाय पसरून. पायांच्या आवाजावरून तिने मला ओळखलं. “कित्याक धापा टाकतंस? बस.”

“मावशी, साखर... पाणी...”

“काय होवक नाय माका. साडेबाराक सुई घेतलंय, एक वाजता जेवलंय.”

मला आधी कळलंच नाही. मोरीपाशी पाहिलं तर एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. “माझ्याआधी?” मी विचारलं.

“तुझ्याआधी,” ती म्हणाली. “तुका आणखी किती धाववू रे? केस पिकले तुझे. बायको आसा, चेडू आसा. वाटेत गाडयेखाली गेलंस तर मी त्यांका काय तोंड दाखवू?” मग थोडी थांबून म्हणाली, “सकाळपासून मन घट करत होतंय. पयलो घास घशाखाली उतरना नाय. उतरवलंय.”

तिने चाचपडत माझं ताट वाढलं. झाकून ठेवलेलं सगळं, काही कमी नव्हतं. मला आनंद झाला, हे आधी सांगतो. इतका आनंद मला पगार वाढल्यावर झाला नव्हता. मी तिथेच हसायला लागलो, मग हुंदके यायला लागले, आणि मावशी “जेव मेल्या, निवता” म्हणत राहिली. पण समोर ती बसली होती, पोट भरलेली, निवांत, माझ्या उठण्याची वाट न बघता, आणि मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यासमोर एकट्याने जेवल्यासारखं वाटत होतं.

वरिष्ठाची ती नुसती धमकीच निघाली, नोकरी गेली नाही. मावशी त्या दिवसापासून रोज वेळेवर जेवली आणि आणखी सहा वर्षं जगली, डॉक्टरीणसुद्धा नवल करायची. आता मला उशीर झाला तर घरी बायको आणि मुलगी जेवून घेतात, माझं ताट झाकलेलं असतं. जेवावंच त्यांनी, मीच तशी शिस्त लावली आहे. माझ्यासाठी उपाशी थांबणारं आता कोणी नाही. त्या एका गोष्टीसाठीच तर मी मावशीशी बावीस वर्षं भांडलो. तरी कधी जेवायला दोन वाजले, की ताटावरचं झाकण काढताना हात जरा थबकतो.